बोडक्या डोक्यानं धुळ्याला

पारावर रोज कोणी ना कोणी विचारतं, आबा, धुळ्याला झालं तरी काय? एकेकाला सांगत बसलो तर केळीला पाणी कोण देईल? म्हणून एकदाच लिहून ठेवतो. माझी शाळा जेमतेम चौथी. पण सातबारा वाचता येतो, आणि सही मी अंगठ्यानं करत नाही. जे झालं ते लिहितो. जे झालं नाही ते सांगायला गावात माणसं भरपूर आहेत.

गाव

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायाशी. मी दगडू. माझा धाकटा भाऊ भिका बोळीच्या पलीकडं राहतो. आमची दोघांची विहीर एक आणि अबोलाही एकच.

अबोला कशावरून ते गावाला पाठ आहे. हे लिखाण बाहेरगावी गेलंच तर तिथल्या वाचणाऱ्यासाठी सांगतो. भिकाच्या मोठ्या पोरीचं लग्न होतं. मांडवात व्याहीभेट चालली होती. दोन्हीकडचे बाप भेटले, मामा भेटले, मग काकांची पाळी आली. पोरीचा सख्खा मोठा काका मी. नवरदेवाचे काका टोपी, टॉवेल, नारळ घेऊन समोर उभे. मी पुढं सरकलो आणि डोक्यावरची जुनी टोपी काढून हातात घेतली. नवी घालायला डोकं मोकळं पाहिजे, नाही का? माईक भिकाच्या हातात. त्यानं नाव पुकारलं ते आमच्या शिरपूरच्या चुलतभावाचं.

भरल्या मांडवात मी हातात टोपी घेऊन उभा. परत डोक्यावर घालावी तर ती काढली कशाला होती ते सगळ्यांना कळणार. म्हणून घातली नाही. न जेवता तसाच घरी आलो आणि आमच्या मंडळींना सांगितलं, आता भिका स्वतःच्या हातानं घालेल तेव्हाच या डोक्यावर टोपी चढेल.

तेव्हापासून ऊन असो, पाऊस असो, लग्न असो की मयत, मी बोडका. पहिल्या उन्हाळ्यात टाळू भाजून निघाली. मग मला सवय झाली, मग लोकांना झाली. आता केळीचा नवा व्यापारी आला की त्याला सांगतात, बोडक्या आबाचा मळा विचार, कोणीही दाखवील. चोपड्यापर्यंत मला याच नावानं ओळखतात. भिकाला कोण ओळखतं?

गावात एसटीडीचं पिवळं खोकं बसलं त्या हिवाळ्यात भिका धुळ्याजवळ कुठल्या तरी मौनाच्या शिबिराला जाऊन आला. त्याच्या मेव्हण्यानं नेलं होतं. जायच्या आधीचा भिका म्हणजे मोटरला शिव्या, लाइटीला शिव्या, बैलाला शिव्या, आणि कोणी सापडलं नाही तर स्वतःच्या चपलेला. परत आला तो हळू बोलायला लागला. बैल सुद्धा त्याच्याकडं वळून बघायचा.

मग एके सकाळी तो माझ्या दारात उभा. हातात टोपी, टॉवेल, नारळ.

"दादा," तो म्हणाला, "मी चुकनू. टोपी ल्या."

तुम्ही म्हणाल, इतकी वर्षं हेच पाहिजे होतं, घेऊन टाकायची. पण तुम्ही त्याचं तोंड बघितलं नाही. बिनमिठाच्या पिठल्यासारखं गुळगुळीत, आणि त्यावर एक बारीक हसू. मी ज्या भिकाशी बोलत नव्हतो तो हा नव्हेच. नाव गाळणारा एक आणि टोपी आणणारा दुसराच. भलत्याच माणसाच्या हातून आपला मान घ्यायचा कसा?

"ओटावर ठेय," मी म्हणालो.

त्यानं ठेवली. वारा होता म्हणून वर एक खडा ठेवला आणि गेला. चिडला सुद्धा नाही. तेव्हा मात्र मी घाबरलो.

मंडळींनी टोपी उचलून भिंतीतल्या देवळीत ठेवली, दिव्याच्या बाजूला. येता-जाता ती दिसायची. गाव मला दोष द्यायला लागलं. इतकी वर्षं जे माझ्या बाजूनं होते ते पण म्हणायला लागले, आबा, आता ताणू नका. मी म्हणालो, त्या लोकांनी माझ्या भावाला काय खाऊ घातलं ते आधी बघून येतो, मग टोपीचं बघू.

"जा ना मंग," मंडळी म्हणाल्या. "पन तुम्ही बी तसाच व्हईसन उनात तर?"

"कसा?"

"भिकाभाऊना सारखा. दारमा उभा राहीसन हासत. मी काय करू मंग तुमनं?"

मी बदलून परत आलो तर, अशी त्या थट्टा करत होत्या. मला हसू आलं नाही. मी मळ्यात बिबट्या बघितलेला माणूस आहे, तेव्हाही पळालो नव्हतो. पण आपण इथून जावं, आणि परत येताना आपल्या धोतरात कोणी दुसराच माणूस यावा, त्यानं आपल्या खाटेवर बसून आपला चहा प्यावा, आणि आपल्याला त्याचं काही वाटू सुद्धा नये, या गोष्टीची मला भीती वाटली. ती मी कोणाला सांगितली नाही. पिशवी भरली.

जळगाव

धुळ्याला जायला चोपड्याहून अमळनेरवरून सरळ रस्ता आहे. मी जळगाववरून गेलो, कारण पोरगी तिथं दिली आहे आणि आपण कसे गेलो होतो हे कोणी तरी बघून ठेवलेलं बरं.

तापीचा पूल आला तसे गाडीतल्या सगळ्यांनी हात जोडले. मी पण जोडले. दोन्ही बाजूंनी केळी, हिरवीगार. आमच्याकडचा माणूस केळीच्या बाहेर पडला की त्याला उघड्यावर आल्यासारखं वाटतं. जळगावात शिरलं की आधी डाळ मिलचा वास येतो, मग रिक्षावाले येतात. सराफांच्या दुकानांत नेहमीसारखी गर्दी. सोनं घेताना माणसं इतकी गंभीर का होतात, मला कळत नाही. शेत घेताना तर हसतात.

आमची मंगला पिंप्राळ्याकडं राहते. जावई पाइपच्या कारखान्यात आहेत. मंगलानं कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरीत केलं होतं आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी जेवलो आणि तिला सगळं सांगितलं.

"तुम्ही आठवडाभर गप्प बसणार?" मंगला म्हणाली. "आबा, तुम्ही पोथीला धड बसत नाही. मधेच उठून मांडवाचा बांबू नीट करता."

"बांबू वाकडा होता."

"आणि बदलून गेलात तर?"

"तुझी आई पण हेच म्हणते. मी काही बदलत नाही."

"नाही, म्हणजे," पोरगी म्हणाली, "बदललात तर बदला. आमची काही हरकत नाही."

जावई ताटात बघत होते. मी वर बघितलं तर ते आणखी खाली बघायला लागले. आपल्या बदलाला घरातून इतका पाठिंबा असेल हे मला माहीत नव्हतं.

निघताना मंगलानं हिरव्या मिरचीच्या ठेच्याची बाटली पिशवीत घातली. तिथं सगळं अळणी असतं असं तिला कोणी सांगितलं होतं. बाटलीचं झाकण सैल होतं हे मला सांगायचं ती विसरली.

धुळे

एरंडोल गेलं, पारोळा गेलं, तशी केळी संपली. काळी जमीन आहे, पण झाडं लांब लांब आणि डोंगर बोडके. मला ते डोंगर आवडले. धुळं गाव मात्र कोणी फुटपट्टी लावून आखलं असावं. सरळ रस्त्यावर आपल्याला कोण येतंय ते लांबून दिसतं, तसं त्यालाही आपण दिसतो. आमच्या बोळी वाकड्या आहेत ते बरं. भिका दिसायच्या आत मला वळता येतं.

शिबिर लळिंगच्या बाजूला, कागदी लिंबाच्या एका मळ्यात. पत्र्याचं मोठं शेड, त्यात सतरंज्या, बाजूला झोपायच्या खोल्या. शिबिर चालवायच्या कमलताई. धुळ्यातल्या शाळेत हेडमास्तरीण होत्या, आता निवृत्त. पांढरं पातळ, चष्मा, आवाज वर्गातला. त्यांच्या खोलीत बुद्धाचा फोटो होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, "बाई, मला धर्म बदलावा लागेल का?"

"आधी जागा बदला आबा," त्या म्हणाल्या. "तुम्ही उभे आहात तिथं पंखा लागत नाही."

मी बसलो. त्यांनी नियम सांगितले. बोलायचं नाही, वाचायचं नाही, बाहेरचं खायचं नाही. दुपारी फक्त त्यांना काय विचारायचं ते विचारायचं. तंबाखूची चंची आताच जमा करायची.

चंची देताना माझा हात जरा अडला. मग मी म्हणालो, "न बोलण्याचं मला सांगू नका. सख्ख्या भावाशी बोलत नाही मी. भिका म्हणून इथं येऊन गेला तो. न बोलण्यात धुळे-जळगावमध्ये माझ्यापुढं कोणी नाही."

"मग तुम्हाला पहिला दिवस सोपा जाईल," ताई म्हणाल्या आणि चंचीला माझ्या नावाची चिठ्ठी लावली.

तसाच गेला. पहिल्या दिवशी नवशिके लोक एकमेकांना खुणा करत होते, खोकत होते. मी दगडासारखा बसलो. शिकवण एवढीच की डोळे मिटायचे आणि नाकातून वारा येतो-जातो तिकडं लक्ष ठेवायचं. मला वाटलं, एवढ्यासाठी धुळ्याला यायचं? वारा आमच्याकडं पण आहे.

दुसऱ्या दिवशी धोतर बदललं आणि गडबड झाली. मंगलाचा ठेचा पिशवीत सांडला होता. धुवायला वेळ नव्हता, तसंच नेसून बसलो. सगळे डोळे मिटून नाकाकडं लक्ष लावून बसले होते, आणि नाकात येत होता तो लसूण-मिरचीचा वास. आधी माझ्या बाजूचा साक्रीचा शिंपी शिंकला. मग त्याच्या पुढचा. मग रांगच्या रांग. कोणाला काही बोलता येत नव्हतं. मी डोळे उघडले नाहीत. जेवायला वरण, भात, पोळी आणि भोपळा होता. त्या दिवशी पुष्कळांनी माझ्याकडं बघत बघत भोपळा खाल्ला.

आता खरं सांगायचं ते. डोळे मिटले की मला लग्न दिसायचं. तेच ते, भिकाच्या पोरीचं. मांडव, माईक, हातात टोपी. मी मनात म्हटलं, ठीक आहे, वारा बघण्यापेक्षा हे बरं, निदान आपलं आहे. मी दिवसभर बघायचो. पण एकच गोष्ट सारखी बघितली की माणूस ती नीट बघायला लागतो. पहिल्यांदा भिका नाव पुकारून दुसरीकडं बघत होता. नंतर नंतर तो माझ्याकडं बघून हसायला लागला. मग त्याची बायको हसायला लागली. मग सगळी पंगत. एक दिवस दुपारी बँडवाला पण हसला, आणि तिथं मी अडकलो. बँडवाला हसणं शक्य नव्हतं. त्याच्या तोंडात पिपाणी होती.

मग हे कोणी घातलं आत? भिकानं तर नाही घातलं. तो बोळीपलीकडं होता.

त्या दुपारी मी ताईंकडं गेलो. "माझ्या भावाचं तुम्ही काय केलं?"

"काही नाही. ते बसले, तुम्ही बसता तसेच."

"मग तो बदलला कसा?"

"बदलले का? आधी कसे होते?"

मी सांगायला लागलो. चिडका, तोंडाळ, पण पुराच्या वर्षी माझी गाय सोडवायला छातीभर पाण्यात गेला. लहानपणी माझ्या पाठीमागं लागून शाळेत यायचा आणि मला मार पडला की तोच रडायचा. मी थांबलो. हे सांगायला मी आलो नव्हतो.

"बाई, खरं विचारतो. इथं बसून माणूस भलताच होतो का?"

"तुम्हाला कशाची भीती वाटते?"

"मी घरी गेलो आणि मी नसलो तर."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला पण वाटली होती. नोकरी सुटल्यावर पहिल्यांदा बसले तेव्हा. बाई गं, म्हटलं, हेडमास्तरीण गेली तर राहील कोण? म्हणून मी उठून निघून गेले होते."

"मग?"

"मग परत आले. कोण राहतं ते बघायला."

मला ते उत्तर पटलं नाही. उठून आलो.

हायवेवर

ताईंशी बोलल्याच्या दुसऱ्या सकाळी मी बसलो, डोळे मिटले, आणि लग्न आलंच नाही.

मी वाट बघितली. मांडव नाही, माईक नाही, भिका नाही. मी स्वतः आणायला गेलो, हो, हातानं ओढून आणावं तसं. आलं ते जुन्या कॅलेंडरच्या चित्रासारखं, आणि लगेच गेलं. बसस्टँडवर खिसा चाचपावा आणि पाकीट नसावं, तसं माझं झालं. अंगाला घाम फुटला. मी म्हटलं, झालं, घेतलं यांनी. भिकाचं घेतलं तसं माझं पण काढून घेतलं. आता मी कोण म्हणून गावात जाऊ?

मी उठलो, पिशवी घेतली. फाटकावर माणूस होता, त्याच्याशी बोलायला लागलं असतं, म्हणून मागच्या कुंपणातून निघालो. लिंबाचे काटे धोतरात आणि टाचांत घुसले. या वयात मळ्यातून पळताना माणूस जसा दिसतो तसाच मी दिसत असेन.

बाहेर मुंबई-आग्रा रस्ता. ट्रक चाललेले. एका धाब्यावर जाऊन बसलो आणि शेवभाजी मागवली. तर्री वर आली होती. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, मला हायसं वाटलं. जीभ तरी आपली होती. बाजरीची भाकरी होती, धुळ्याकडं तीच देतात. कळण्याच्या भाकरीची सर तिला नाही, पण तक्रार करायचा तो दिवस नव्हता.

धाबेवाला गल्ल्यावर बसला होता. जाड, गमतीदार माणूस. "आबा, उन्हात बोडकं डोकं?" तो म्हणाला. "टोपी कुठं उडाली?"

मी याचीच वाट बघत होतो. ही गोष्ट मी किती जणांना सांगितली असेल. सांगायला लागलो की माझा आवाज चढतो, समोरचा जेवण थांबवतो. मी सुरुवात केली. व्याहीभेट, काकांची पाळी, हातात टोपी, माईक.

"मग?" धाबेवाला म्हणाला.

"मग नाव पुकारलं ते चुलतभावाचं."

"हां. मग?"

"मग काही नाही."

"बस? एवढंच?" तो म्हणाला आणि आतमध्ये ओरडला, "दोन शेवभाजी वाढव रे तिकडं!"

त्याची चूक नव्हती. मी सांगितलं ते एवढंच होतं. कोणी हसलं म्हणून मला सांगता येईना. भिकाच्या आवाजाची नक्कल मी नेहमी करायचो, ती जमली नाही. आवाज चढेना. शेवभाजी तिखट होती आणि गोष्ट अळणी.

मी तिथं बराच बसलो. जळगावची गाडी आली आणि गेली. घरी जाता आलं असतं. पण घरी जाऊन करणार काय? देवळीत ती टोपी आहे. लोक म्हणतील, घ्या. मी म्हणेन, नाही. कोणी विचारेल, का? तर सांगायला ही एवढीशीच गोष्ट. आणि परत शिबिरात जायचं तर तिथं ते रिकामं. डोळे मिटले की कोणी नाही. बिबट्याला निदान शेपटी असते, कुठून कुठपर्यंत आहे ते दिसतं.

कशानं उठलो ते मला नीट सांगता येणार नाही. धीर बिर काही आला नाही. एवढंच वाटलं की एक बाई, ती पण चष्मा लावणारी, हे बघून आली, आपला धाकटा भाऊ, तो भिक्या, मांजराला भिणारा, तो पण बसून बघून आला, आणि आपण कुंपणातून पळालो. ते मला सहन झालं नाही. परत निघालो. या वेळी फाटकातून.

कमलताई पडवीत लिंबं निवडत होत्या. माझ्या धोतराकडं बघितलं, काट्यांकडं बघितलं.

"परत आलो तर चालेल का?" मी म्हणालो.

"चपला तिकडं काढा," त्या म्हणाल्या.

मी जाऊन बसलो. डोळे मिटले. ते रिकामं तिथंच होतं. पळालो नाही. घाम आला, येऊ दिला. छाती धडधडली, धडधडू दिली. बराच वेळ काही नव्हतं. मग दिसायला लागलं की अगदीच काही नाही असं नाही. एक म्हातारा बसला आहे. त्याला टोपी नाही, लग्न नाही, बोडका आबा नाही की दगडू नाही. त्याची पाठ दुखते आहे. बाहेर लिंबावर पोपट भांडत आहेत, ते त्याला ऐकू येत आहेत. एवढंच. बरा वाटला मला म्हातारा. त्याच्याशी माझं काही भांडण नव्हतं.

यापेक्षा जास्त काही झालं नाही. उजेड दिसला नाही, देव आला नाही. ज्यांना उजेड पाहिजे त्यांनी दुसऱ्या कोणाचं वाचावं.

शेवटच्या दिवशी बोलायची परवानगी मिळाली आणि सगळे एकदम सुटले. साक्रीचा शिंपी माझ्याकडं आला. आठवडाभर साठवलेलं पहिलं वाक्य तो बोलला, "आबा, तुमच्या धोतरापायी माझं ध्यान लागलं नाही."

"माझं पण," मी म्हणालो.

चंची परत मिळाली. ताईंना नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "भावाला सांगा, ताईंनी विचारलंय." निरोप द्यायचा म्हणजे बोलणं आलं. बाई हुशार होत्या.

परत

गावच्या स्टँडवर उतरलो तर पारावरचे सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले, नवा बैल बघतात तसं. मी कोणाकडं बघून हसलो नाही, उगीच अफवा नको.

घरी मंडळींनी चहा दिला. एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"साखर संपनी का दुकानवरनी?" मी ओरडलो.

मंडळी दारातून बघत होत्या. "काही फरक नही पडना," त्या म्हणाल्या आणि दुसरा चहा आणला. तो तयारच होता. त्यांना वाईट वाटलं की बरं वाटलं ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं.

सकाळी मी देवळीतली टोपी घेतली आणि मळ्यात गेलो. विहिरीवर भिका होता. मी केळीच्या आड उभा राहिलो, कारण त्याचा आवाज येत होता.

"अय भवानी! लाईट उनी तं तू बसी जास, अन् तू चालू व्हस तं लाईट चालनी जास!" तो मोटरला म्हणत होता, आणि त्यानं तिला लाथ घातली. मग पाय धरून खाली बसला.

मी बाहेर आलो. मला बघताच त्यानं पाय सोडला, एक लांब श्वास घेतला आणि ते बारीक हसू काढलं. "या दादा," हळूच म्हणाला.

"तसा हासू नको भिक्या. मोटरसंगे बोली राहिंता तसाच बोल."

हसू गेलं. मग पाटात पाणी यावं तसा जुना भिका आला. "काय बोलू मंग? मी टोपी लईसन दारमा उनू, तं तुम्ही ओटावर ठेवाले लायी! वरतून खडा बी मीच ठेवा! गावनी बठ्ठी लोके देखी राहिंतीत!"

"चिडना व्हता का तवय?"

"तं काय! घर जाईसन ताट फेकं मी. पन ताईसनी सांगेल व्हतं, चिड उनी तं देखत राहा. म्हनीसन देखत व्हतू."

ओट्यावरच्या त्या सकाळपासूनची माझी भीती तिथं विरली. भाऊ कुठं गेला नव्हता. चिडत होता तो, फक्त चिडलेलाच माझ्या दारात उभा राहिला होता आणि पळाला नव्हता. हे किती कठीण आहे ते मला आता माहीत होतं, कुंपणाचे काटे अजून टाचेत होते.

"एक सांग," मी म्हणालो. "लगीनमा मनं नाव मुद्दाम नई लिन्हं ना?"

"मुद्दामच. तुम्ही मनी पाळीवर मोटर चालाडी व्हती. मना गहू वाळी गया व्हता."

मला फार बरं वाटलं. इतकी वर्षं मी म्हणत होतो मुद्दाम केलं, आणि गाव म्हणायचं विसरला असेल. विहिरीच्या पाण्याच्या पाळीचं काय ते आमचं अजून मिटलेलं नाही.

मी टोपी त्याच्या हातात दिली आणि मान खाली केली. त्यानं दोन्ही हातांनी घातली. कपाळावर घट्ट बसली. तो ओढत होता.

"ल्हान शे," मी म्हणालो.

"टोपी बराबर शे," भिका म्हणाला. "डोकं पहिलेपासून मोठं शे."

"ताईसनी इचारेल शे तुले," मी म्हणालो. मग आम्ही दोघांनी मिळून मोटर खोलली. बिघाड त्यालाच सापडला, पण स्क्रू मी घट्ट केले.

दुपारी पारावर बसलो होतो. टोपीकडं सगळे बघत होते. तेवढ्यात सावद्याचा एक नवा केळीचा व्यापारी मोटारसायकलवरून आला आणि मलाच विचारलं, "काहो बाबा, बोडक्या आबाचा मळा कुठं आहे?"

"मीच तो," मी म्हणालो.

त्यानं माझ्या डोक्याकडं बघितलं. त्याला वाटलं असेल म्हातारा चेष्टा करतो आहे. मी टोपी काढली, त्याला डोकं दाखवलं. मग सगळ्यांच्या देखत, सावकाश, माझी मीच परत घातली.